रक्त पातळ करणाऱ्या औषधांतील बदल आणि ग्रामीण फार्मासिस्ट : पाली (जि. बीड) संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

औषधाच्या शोधाचा इतिहास विपुल लिहिला जातो. ते रुग्णाच्या हाती कोणी व कसे दिले, याचा क्वचितच. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने दगावत. त्याचे कारण शोधताना अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेला डायकुमॅरॉल सापडले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. विष व औषध यांतील अंतर केवळ मात्रेचे असल्याने आय.एन.आर. ही रक्ततपासणी वरचेवर करणे अपरिहार्य ठरले.

बिंदुसरा प्रकल्पाजवळील पालीच्या परिसरातून पाहता हीच अट सर्वांत जाचक वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्यात परततात. झडप बदललेल्या मजुराने फडावर तपासणी कोठे करावी? शिवाय तेथे आहार बदलतो, अंगदुखीची गोळी कोणालाही न विचारता घेतली जाते. दोन्हींमुळे रक्तस्रावाचा किंवा गुठळीचा धोका वाढू शकतो.

अशा वेळी नियमित आय.एन.आर. न लागणारी नवी औषधे वरदान वाटावीत, हे स्वाभाविकच. अॅपिक्साबानचे भारतीय पेटंट २०२२ मध्ये संपले व ते स्वस्त झाले. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात, संधिज्वराने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांत, रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गटाच्या औषधांवर मृत्यू कमी आढळले. कृत्रिम धातूच्या झडपेलाही ही नवी औषधे वर्ज्यच आहेत. संधिज्वर हा प्रामुख्याने गरिबांचा आजार. म्हणजे ज्यांना तपासणी सर्वांत दुर्लभ, त्यांतील अनेकांना जुन्याच गोळीवर राहावे लागते.

औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. तथापि १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टकडे औषध देण्याचे काम सोपविले आणि २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला समुपदेशन हेही त्याचे कर्तव्य मानले. व्यवहारात मात्र तो अद्याप ‘मेडिकलवाला’च राहिला आहे! गोळी कशासाठी सुरू झाली, झडप धातूची आहे काय, शेवटचा आय.एन.आर. किती, हे त्याने विचारावे व शंका असल्यास डॉक्टरांना कळवावे. वॉरफरिन थांबविल्यावरही त्याचा प्रभाव काही दिवस टिकतो, म्हणून आय.एन.आर. २ च्या खाली आल्यावरच अॅपिक्साबान सुरू करावयाचे असते. घरात जुनी पट्टी उरली असेल, तर दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या जाण्याचा संभव असतो. मजूर फडावर निघण्यापूर्वी ती पट्टी परत मागवून घेणे, हेही त्या समुपदेशनातच मोडते.