जहाजाचा किडा आणि टेम्सखालचा बोगदा

इ. स. १८१८ हे साल उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पेशवाईचा अस्त उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क इझम्बार्ड ब्रुनेल नावाच्या यंत्रविशारदाने नदीच्या तळाखालून बोगदा खोदण्याच्या एका साधनाचे एकस्व मिळविले, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. तेथे तिने यावे असेही नाही. पण आज कोलकात्यात हुगळीखालून आगगाडीने पलीकडे जाणाऱ्या प्रवाशाचा त्या एकस्वाशी संबंध पोहोचतो, आणि त्या एकस्वाचा संबंध समुद्रातील एका अत्यंत उपद्रवी जिवाशी. त्या जिवाची हकिगत आधी सांगावयास हवी.

त्याचे शास्त्रीय नाव टेरेडो. इंग्रज खलाशी त्याला जहाजाचा किडा म्हणत. लिनीअसने त्याचे वर्णन 'जहाजांवरील आपत्ती' अशा शब्दांत केले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. कोलंबसच्या चौथ्या सफरीत ह्या किड्याने त्याच्या गलबतांची तळे अशी पोखरली, की १५०३ साली उरलेली दोन गलबते जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला वर्षभर तेथेच अडकून पडावे लागले. १७३१ च्या सुमारास हॉलंडमध्ये तर देशच संकटात सापडला. समुद्राला थोपवून धरणाऱ्या बांधांचे लाकडी खांब आतून पोकळ झालेले आढळले. हा ईश्वरी कोप होय असे धर्मोपदेशक सांगू लागले. सरकारने मात्र परदेशांतून दगड आणून बांधांना नवी तोंडे बांधली. ह्या धांदलीतच सेलियस नावाच्या विद्वानाने १७३३ साली ह्या प्राण्यावर एक ग्रंथ लिहिला आणि तो किडा नसून मृदुकाय प्राणी आहे हे दाखवून दिले. म्हणजे, आपला कोकणी माणूस ज्या तिसऱ्या आवडीने खातो, त्यांच्याच गोतावळ्यातला हा एक बिघडलेला नातेवाईक!

ह्या प्राण्याचा अभ्यास करणे फार अवघड, कारण तो दिसतच नाही. अगदी कोवळ्या अवस्थेत तो पाण्यात तरंगत असतो. लाकूड सापडले की त्यावर बसतो आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून आत शिरतो. पुढे तो आतल्या आत वाढतो, बोगदाही रुंदावत जातो, पण बाहेरचे छिद्र जवळजवळ तेवढेच राहते. वरून धडधाकट दिसणारा सोट हातात घेताच मोडतो तो ह्यामुळे. लाकूड फोडून पाहावे तर आतला मऊ देह फाटून जातो, आणि मेलेला टेरेडो आपले काम कसे करीत होता हे सांगू शकत नाही. त्याच्या शिंपल्याच्या दोन फाका अंग झाकण्याच्या कामातून केव्हाच मुक्त झालेल्या असून डोक्याच्या टोकाशी कानशीसारख्या दातेरी पात्यांच्या रूपाने उरल्या आहेत. तो खोदतो ते ह्या पात्यांनी, की त्याच्या मांसल पायाने, की एखाद्या आम्लाने लाकूड विरघळवून, हा वाद निसर्गशास्त्रज्ञांत दीर्घकाळ चालला. १८४८ साली अल्बनी हँकॉकसारखा साक्षेपी अभ्यासक पायाच्या बाजूने उभा होता. पायाने पकड घ्यावयाची आणि पात्यांनी घासावयाचे, असा निर्णय विसाव्या शतकात येऊन लागला. खाल्लेले लाकूड त्याला पचते कसे, हे कोडे तर त्याहूनही उशिरा उलगडले. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू त्यासाठी पाचक द्रव्ये पुरवितात.

खोदताना तो आणखी एक गोष्ट करतो. जसजसा पुढे सरकतो तसतसा मागच्या भिंतींना चुन्याचा गिलावा देत जातो. पुढे पाती, मागे गिलावा, आणि मध्ये सुरक्षित देह. ब्रुनेलला हवे होते ते नेमके हेच.

ब्रुनेल जन्माने फ्रेंच, नॉर्मंडीचा. क्रांतीच्या धामधुमीत तो अमेरिकेला पळाला आणि १७९९ साली इंग्लंडात आला. पोर्टस्मथच्या गोदीत जहाजांच्या कप्प्या बनविणारी यंत्रे उभारून त्याने नाव मिळविले. चॅथमच्या आरमारी गोदीत किडलेल्या लाकडाचा एक तुकडा त्याच्या हाती लागला, भिंगातून त्याने टेरेडोचे काम निरखले आणि तेथेच त्याला बोगद्याची युक्ती सुचली, अशी कथा आहे. ती सांगतो त्याचा चरित्रकार रिचर्ड बीमिश. बीमिश स्वतः बोगद्याच्या कामावर होता हे खरे. पण चरित्र प्रसिद्ध झाले १८६२ साली, ब्रुनेलच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणे ह्या कथेवरही थोडा मुलामा चढला असणे अशक्य नाही. तरीपण ढालीची रचना पाहिली म्हणजे टेरेडोचे ऋण नाकारवत नाही.

टेम्सखालून जाण्याचा प्रयत्न त्याच्या आधी ट्रेव्हिथिकने केला होता. १८०८ साली हजार फुटांपलीकडे गेल्यावर नदी आत शिरली आणि काम बुडाले. भुसभुशीत माती धरून ठेवावयाची कशी, ही खरी अडचण होती. ब्रुनेलने लोखंडी चौकटींची एक प्रचंड ढाल केली. बारा चौकटी शेजारी शेजारी, प्रत्येकीस तीन मजले, म्हणजे छत्तीस खण आणि प्रत्येक खणात एक मजूर. समोरची माती फळ्यांनी दाबून धरलेली. मजुराने एक फळी काढावयाची, साडेचार इंच खोदावयाचे, फळी पुन्हा पुढे बसवावयाची आणि मग दुसरी काढावयाची. सर्व फळ्या पुढे गेल्या की मागच्या विटकामाला टेकून मळसूत्रांनी चौकट पुढे रेटावयाची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत गवंड्यांनी ताबडतोब विटा चढवावयाच्या. टेरेडोचा गिलावा तो हाच.

ही युक्ती कागदावर असताना १८२१ साली ब्रुनेल कर्जापायी तुरुंगात पडला. पत्नी सोफिया त्याच्यासोबत तेथे राहिली. तो रशियाच्या झारकडे जाण्याच्या विचारात आहे असे कळताच सरकारने पाच हजार पौंड देऊन त्याला सोडविले. गुणवंताची किंमत तो देश सोडू लागला म्हणजे कळते, हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नव्हे.

१८२५ साली रॉदरहाइथ येथे काम सुरू झाले. त्या काळची टेम्स म्हणजे लंडनचे उघडे गटार. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर विषारी वायू येत, मजूर बेशुद्ध पडत, कित्येकांची दृष्टी काही काळ जाई. मे १८२७ मध्ये नदी आत घुसली. मातीची पोती टाकून तळाचे भगदाड बुजविण्यात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बोगद्यात मेजवानी झडली. दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी १८२८ रोजी, नदी पुन्हा आली. सहा माणसे मेली. ब्रुनेलचा मुलगा इझम्बार्ड, जो पुढे बापाहून अधिक प्रसिद्ध झाला, तो थोडक्यात वाचला. त्या सहा जणांची नावे किती जणांना ठाऊक असतील? पैसा संपला आणि भिंत बांधून सात वर्षे काम बंद राहिले. समुद्रातल्या टेरेडोला भागधारक नसतात, हा त्याचा ब्रुनेलपेक्षा मोठाच फायदा.

१८३५ साली सरकारी कर्जावर, अधिक भक्कम ढाल घेऊन काम पुन्हा सुरू झाले आणि २५ मार्च १८४३ रोजी सुमारे तेराशे फुटांचा बोगदा लोकांना खुला झाला. गाड्या उतरविण्यासाठी लागणारे उतार बांधण्यास पैसा उरला नव्हता. म्हणून ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला तो माल त्यातून कधी गेलाच नाही. एक पेनी देऊन माणसे मात्र लाखांनी चालून गेली. १८६९ साली त्यातून आगगाडी सुरू झाली आणि तो मार्ग अद्याप वापरात आहे. त्याच साली ग्रेटहेडने टेम्सखाली गोल ढाल वापरली, आणि पुढे हातांच्या जागी फिरती पाती आली.

हुगळीखालचे दोन बोगदे २०१७ साली अशाच पात्यांच्या यंत्रांनी काही आठवड्यांत पार पाडले. यंत्र पुढे कापत जाई आणि मागे काँक्रीटची कडी बसत जात. मार्च २०२४ पासून तेथे प्रवासी जाऊ-येऊ लागले. त्याच नदीच्या मुखाशी, सुंदरबनच्या खाड्यांत, टेरेडोचे भाऊबंद पडलेल्या खारफुटीत आणि मासेमारांच्या होड्यांत आपले काम पूर्वीप्रमाणेच करीत आहेत, आणि होडीवाला त्यांच्या नावाने बोटे मोडीत आपल्या होडीचा तळ तपासून पाहत आहे.