सेरेब्रल पाल्सी आणि अंगावर घालायची उपकरणे : कोणते काय करते?

तुळजापूरच्या माझ्या मावसबहिणीने मला एका मनगटी पट्ट्याचा फोटो पाठवला. "दादा, हा घेतला तर पोराचा हात चालेल का?" तिच्या पाच वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, उजवी बाजू आखडलेली. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण ही उपकरणे आतून कशी चालतात, ते सांगू शकतो.

सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडतो. ती इजा वाढत नाही, पण मूल वाढतं तसे स्नायू आखडत जाऊ शकतात. म्हणून रोजचा सराव महत्त्वाचा. उपकरणांचे ढोबळ तीन प्रकार :

१. आधार देणारी : उदा. एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल नीट स्थितीत धरणारा प्लास्टिकचा साचा. ना बॅटरी, ना ॲप. पाय वाढला की तो बदलावा लागतो. काढल्यावर लाल वळ लवकर गेले नाहीत, तर थेरपिस्टला दाखवा.

२. मोजणारी : यात ॲक्सेलरोमीटर असतो. दोन्ही मनगटांवर पट्टे बांधले, तर कोणता हात किती हलला याची तुलना होते. पण हात मुद्दाम हलवला की आपोआप हलला, हे त्याला सहज कळत नाही. एसटीतले धक्केसुद्धा 'हालचाल' म्हणून मोजले जाऊ शकतात!

३. स्नायू चेतवणारी : एफईएस. पाऊल उचलायच्या क्षणी सौम्य विजेने पायाचा स्नायू आकुंचित करते. हे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच वापरा. मुलाला फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बहिणीचा पट्टा दुसऱ्या प्रकारातला निघाला. तिला म्हटलं, "तो हात चालवत नाही, किती चालला ते सांगतो." हात चालतो तो सरावाने : शेंगा सोलणे, दोन्ही हातांनी चेंडू पकडणे, असं मुलाने स्वतः केलेलं काम.

खर्च करण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी मोफत होते. यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. 'एडिप' योजनेतून पात्र कुटुंबांना सहायक साधने मिळतात, तर 'निरामय' विम्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते.

आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : हे धरतं, मोजतं की चेतवतं?