नीलामार्गी ॲमिनो अम्ल-पोषण

गंभीर जखमी रुग्णास तोंडाने अन्न घेता येत नसल्यास किंवा त्याचे आतडे निकामी झाले असल्यास प्रथिनांचे घटक असलेली ॲमिनो अम्ले विद्रावाच्या रूपात नीलेत (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत) सोडून त्याचे पोषण करतात. परके प्रथिन जसेच्या तसे रक्तात गेल्यास तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. म्हणून त्याचे आधी विघटन करावे लागते.

या उपचाराची गरज ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन यांच्या संशोधनामुळे स्पष्ट झाली. अस्थिभंग झालेल्या रुग्णांच्या मूत्रावाटे पुष्कळ नायट्रोजन बाहेर पडतो आणि केवळ जखमेच्या जागी झालेल्या नाशाने त्याचा उलगडा होत नाही, असे त्यांना १९३० च्या सुमारास आढळले. हा नायट्रोजन मुख्यत्वे सर्व शरीरातील स्नायूंच्या झिजेतून येतो. १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सु. ६·२५ ग्रॅ. प्रथिन होय. भरपूर आहार दिल्याने ही हानी कमी होते, पण पूर्णपणे थांबत नाही, हेही कथबर्टसन यांनीच दाखविले.

सेंट लुइस येथील शस्त्रक्रियाविज्ञ रॉबर्ट एलमन यांनी १९३७ मध्ये केसीन या दुग्धप्रथिनाच्या जलीय विच्छेदनाने मिळालेले मिश्रण नीलेतून देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अम्लाने विच्छेदन करताना ट्रिप्टोफेन नष्ट होत असल्याने ते वेगळे मिसळावे लागे. तथापि पुरेशी ऊर्जा न मिळाल्यास शरीर ही अम्ले इंधन म्हणून जाळून टाकते. त्यासाठी लागणारा संहत ग्लुकोज विद्राव हाताच्या लहान नीलांना सोसत नसे. फिलाडेल्फियातील स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत नळी घालून ही अडचण दूर केली; केवळ नीलामार्गी पोषणावर कुत्र्याची पिले व एक अर्भक वाढविता आल्याचे त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. स्वीडनमध्ये आर्व्हिड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाचे सुरक्षित पायस तयार केल्याने ऊर्जेचा दुसरा स्रोत मिळाला. पुढे विच्छेदित प्रथिनांची जागा शुद्ध स्फटिकी ॲमिनो अम्लांनी घेतली.

या यशामुळे अधिक पोषण म्हणजे अधिक लाभ, असा समज रूढ झाला. परंतु तो टिकला नाही. बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागांतील ४,६४० रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नीलामार्गी पोषण पहिल्या ४८ तासांत सुरू करण्याऐवजी आठव्या दिवशी सुरू केलेल्या रुग्णांत संसर्ग कमी आढळला व ते लवकर बरे झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत कृत्रिम श्वसनावरील रुग्णांना प्रथिनांची मात्रा वाढवून विशेष लाभ झाला नाही. आघातानंतरची झीज ही केवळ उपासमार नसून शरीराची प्रतिक्रिया असते. त्यामुळे बाहेरून पुरविलेली अम्ले तिची पूर्ण भरपाई करू शकत नाहीत. म्हणून आतडे कार्यक्षम असेल, तर त्यावाटेच अन्न देणे श्रेयस्कर समजतात. आतडे दीर्घकाळ निकामी झालेल्या रुग्णास मात्र नीलामार्गी पोषण हाच जगण्याचा आधार ठरतो.