वरोऱ्याचा कोळसा, सिमेंटची भट्टी आणि चिप्सचं रिकामं पाकीट

आजचा भाग कचऱ्याच्या इतिहासावर आहे. जो कचरा भंगारवालाही घेत नाही, त्याचं कारखान्यासाठी इंधन कसं झालं, ते बघूया. सुरुवात वरोऱ्यापासून.

वरोरा म्हटलं की आज आनंदवन आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी हे गाव कोळशाचं होतं. १८७० च्या दशकात इंग्रज सरकार इथे खाण चालवत होतं. तो कोळसा न्यायला वर्ध्याहून रेल्वे आणली, तिचं नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. १९०६ मध्ये ही खाण बंद झाली. पुढे जिल्ह्यात दुसऱ्या खाणी निघाल्या. कोळसा आणि चुनखडी दोन्ही हाताशी, म्हणून घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही इथे सिमेंट कारखाने उभे राहिले.

आता ती भट्टी समजून घेऊ. क्लिंकर तयार व्हायला आतला माल साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. म्हणजे कोळसा भरपूर जातो. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा युरोपातले सिमेंटवाले जुने टायर जाळू लागले. ते जमलं, कारण एवढ्या उष्णतेत बहुतेक विषारी संयुगं मोडतात आणि राख वेगळी उरत नाही, क्लिंकरमध्येच मिसळते. तेच प्लास्टिक उकिरड्यावर पेटवलं, तर डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात.

मग आपल्याकडे अडलं कुठे? १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने कचऱ्यातून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला. क्षमता रोज ३०० टन. काही आठवड्यांतच तो बंद पडला. आपला कचरा ओला आणि मातीमिश्रित, पेटणार कसा? मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच पटतं. इनपुटच खराब असेल, तर मशीन कितीही भारी असो, काय उपयोग!

२०१६ च्या घनकचरा नियमांत हा धडा दिसला. रिसायकल न होणारा, किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांक असलेला कचरा डम्पिंगवर टाकायचा नव्हता. त्याचं आरडीएफ करायचं होतं, म्हणजे कोरडा कचरा निवडून, वाळवून, तुकडे करून बनवलेलं इंधन. आणि आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी किमान ५ टक्के इंधन त्यातून घ्यायचं होतं. चिप्सचं पाकीट याच गटातलं. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषण क्रमवारी काढली, त्यात चंद्रपूर देशात चौथं होतं, गुण ८३.८८. इथल्या माणसाला चिमणीतून काय निघतंय हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. पारा भट्टीत नष्ट होत नाही, वाफ होऊन निसटतो. पीव्हीसीतला क्लोरीन भट्टीलाही त्रास देतो. त्यामुळे काय जाळायचं यापेक्षा काय जाळायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. आणि ते काम भट्टीजवळ नाही, आपल्या घरातल्या डब्याजवळ सुरू होतं.

इथे पुन्हा आनंदवन. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. समाजाने टाकून दिलेल्या माणसांनी तिथे शेती पिकवली, घरं बांधली. पुढे डॉ. विकास आमटेंनी जुने टायर आणि टाकाऊ प्लास्टिक बंधाऱ्यासारख्या बांधकामात वापरून दाखवलं. मला यातून क्रम दिसतो: आधी पुन्हा वापर, मग भंगारवाला, आणि ज्याचं काहीच होत नाही तेवढंच भट्टीत. हा क्रम उलटा झाला, तर 'जाळतोय ना' म्हणत आपण कचरा वाढवतच राहू.

तर आज रात्री दोन डबे ठेवा, एक ओल्याचा, एक कोरड्याचा. बॅटरी आणि फुटलेली ट्यूबलाइट दोन्हींच्या बाहेर. आणि आपला कोरडा कचरा शेवटी जातो कुठे, हे नगरपालिकेला एकदा विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!