रुआख, प्नेउमा आणि अंगात येणारं वारं

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कुणी ‘न्यूमॅटिक’ म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दाबाखालची हवा येते. कॉम्प्रेसरची हवा बोटाएवढ्या नळीतून झडपेच्या डोक्यावर जाते, तिथल्या रबरी पडद्याला रेटते आणि दांडा खाली बसतो. हवा सोडली की स्प्रिंग त्याला परत वर आणते. हवा काही दिसत नाही, हललेला दांडा तेवढा दिसतो. हा शब्द आला ग्रीक ‘प्नेउमा’पासून, आरंभीचा प इंग्रजीने उच्चारातून गाळला. आणि नव्या करारात आपण ‘पवित्र आत्मा’ वाचतो तिथे मूळ ग्रीकात हाच प्नेउमा आहे. झडप आणि पवित्र आत्मा एका कुळातले, हे ऐकून फिटर हसेल आणि पाद्रीबाबाही.

प्नेउमाचा धातू फुंकण्याचा, वाहण्याचा. पण बायबलमध्ये त्याच्या मागे उभा आहे जुन्या करारातला हिब्रू शब्द, ‘रुआख’. शेवटचा ख घशातून खरवडून काढायचा. शब्द उच्चारतानाच तोंडातून वारा सुटतो. अर्थ वारा, श्वास आणि आत्मा. तीन अर्थ ही आपली मोजणी. मिसर देशावर टोळधाड आणणारा पूर्वेचा वारा रुआख, समुद्र मागे हटवणाराही रुआख. उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओवीत पाण्यावर घिरट्या घालतो तो देवाचा रुआख, आणि तिथलं क्रियापद पुढे पिलांवर पंख हलवणाऱ्या गरुडासाठी येतं.

खरी गंमत यहेज्केलच्या 37व्या अध्यायात. खोरंभर सुकलेली हाडं. ती खडखडत एकमेकांना जुळतात, स्नायू धरतात, वर कातडी चढते, तरी धुगधुगी नाही. मग संदेष्टा चार वाऱ्यांकडून श्वासाला हाक मारतो, प्रेतं उभी राहतात, आणि देव म्हणतो, मी माझा आत्मा तुमच्यात घालीन. वारे, श्वास, आत्मा. हिब्रूत सगळीकडे रुआख. मराठीत एकाचे तीन करावे लागतात आणि वाचणाऱ्याला ते तिघं सख्खे असल्याचा पत्ताच लागत नाही. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातही तेच. वाऱ्याचा आणि आत्म्याचा दाखला ग्रीकात श्लेष आहे, आपल्याकडे नुसती उपमा उरते.

भावकी पुष्कळ पसरली. अरबीतले रूह आणि रीह, म्हणजे आत्मा आणि वारा, रुआखचे चुलतभाऊ. सरबताच्या बाटलीवरचा ‘रूह’ तोच. लॅटिनने प्नेउमासाठी श्वासावरूनच ‘स्पिरिटस’ घेतला. तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात ‘इस्पिरित सांत’ झाला. तिकडे किमयागारांनी भट्टीतून उडणाऱ्या अर्काला तेच नाव दिलं होतं, म्हणून आपल्या घरी स्टोव्ह पेटवायला स्पिरिट आलं. मधल्यामध्ये लिंगही बदलत गेलं: रुआख बहुधा स्त्रीलिंगी, प्नेउमा नपुंसकलिंगी, स्पिरिटस पुल्लिंगी.

माझं म्हणणं एवढंच, की रुआखचा जोडीदार मराठीत आयता होता. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर डफ वाजला की एखाद्या बाईचे केस सुटतात, श्वास फुलतो, हुंकार निघतो. शेजारच्या बाया तिच्या पायांवर पाणी ओततात, कुंकू लावतात, ‘कोण आलंय?’ विचारतात. देवीचं वारं आलेलं असतं. थोड्या वेळाने ‘वारं उतरलं’ म्हणतात आणि तिला चहा देतात. वारा, श्वास आणि आत येणारी शक्ती, तिन्ही एका शब्दात. भाषांतरात हा शब्द येणं अवघडच होतं. देवीचं, म्हसोबाचं वारं चर्चमध्ये कोण घेणार? पण 1905 साली केडगावच्या मुक्तिसदनात मुली थरथरत, रडत, एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, ते पाहून वाटेवरच्या खेडुताने दुसरं काय म्हटलं असतं? ज्यांच्या आश्रमात हे घडलं त्या पंडिता रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून निघालं.

मराठी बायबलात ‘आत्मा’ बसला तो बसलाच. त्याच्याबरोबर वेदान्तही आला: न हलणारा, न बदलणारा आत्मा. रुआखच्या बरोबर उलटा. पण या आत्म्याचंही माहेर वाऱ्याकडेच आहे. ऋग्वेदात वायूला देवांचा आत्मा म्हटलंय. दहाव्या मंडलातलं अंत्यविधीचं सूक्त मेलेल्या माणसाचे डोळे सूर्याकडे धाडतं, आणि आत्मा वाऱ्याकडे.