बायसन व पुनरुत्पादनक्षम बांधणी

बायसन : संगणकीय भाषेचे व्याकरण वाचून तिचा पार्सर (वाक्यरचना ओळखणारा प्रोग्राम) सी, सी++ वा जावामध्ये लिहून देणारे ग्नू प्रकल्पातील मुक्त साधन. स्टीफन जॉन्सन यांच्या ‘याक’ या पार्सर-निर्मात्याच्या धर्तीवर रॉबर्ट कॉर्बेट यांनी १९८५ च्या सुमारास ते लिहिले, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते याकशी सुसंगत केले. जीसीसी संकलकाचा सी-पार्सर ४.१ आवृत्ती (२००६) येईपर्यंत बायसननेच तयार होत असे.

पुनरुत्पादनक्षमता : एकाच मूळ संहितेपासून, त्याच बांधणी-परिसरात व त्याच सूचनांनी कोणीही बांधणी केली तरी बिट-न्-बिट तोच परिणाम मिळणे, ही पुनरुत्पादनक्षम बांधणीची कसोटी. डेबियन या लिनक्स वितरणात या दिशेने संघटित काम २०१३ मध्ये सुरू झाले. बायसनच्या फलितात व्याकरण-फाइलचा मार्ग ‘लाइन’ निर्देशांत उतरतो. त्यामुळे बांधणीची निर्देशिका बदलली की फलितही बदलू शकते. हे निर्देश वगळण्याचा किंवा मार्गाचा आरंभीचा भाग बदलण्याचा पर्याय बायसनमध्येच आहे. असे फरक टाळण्यासाठी निक्स व गिक्स या पॅकेज-व्यवस्थापन प्रणाली मर्यादित, अलग परिसरात बांधणी करून प्रत्येक पॅकेजला हॅशयुक्त मार्ग देतात.

स्वतःवरच अवलंबून असण्याची अडचण : बायसनचा स्वतःचा पार्सर बायसनच्याच व्याकरणातून निघतो. प्रकाशित संचात तो आधीच तयार करून दिलेला असतो, म्हणजे त्यावर विश्वास ठेवावा लागतो. हे टाळण्यासाठी लाइव्ह-बूटस्ट्रॅप प्रकल्पात हाताने लिहिलेल्या सोप्या पार्सरपासून आरंभ करून बायसन टप्प्याटप्प्याने तीनदा बांधतात.