जळालेल्या वाइंडिंगचं दप्तर

खानदेशातल्या शेतीच्या विजेचा इतिहास दोन ठिकाणी सापडतो. एक वीज मंडळाच्या अहवालांत: किती पंपांना जोडण्या दिल्या, किती थकबाकी राहिली. दुसरा जळगाव, फैजपूर, सावदा, रावेर, शिरपूर, धुळे इथल्या रिवाइंडिंगच्या दुकानांमागे, मोटरींतून ओढून काढलेल्या काळ्या तारेच्या ढिगात. मला हे दुसरं दप्तर जास्त खरं वाटतं. अहवालात वीज ‘दिलेली’ असते. ती शेतात कशी पोचली, ते ढिगात कळतं.

हे दप्तर वाचायची एक लिपी आहे. ती मी जळगावातल्या एका जुन्या वाइंडरकडून शिकलो. थ्री फेज मोटरच्या स्टेटरमध्ये तारेच्या वेटोळ्यांचे तीन गट असतात. तिघांची शेपटं एकत्र बांधली की स्टार. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला, असं त्रिकोणात जोडलं की डेल्टा. चालत्या मोटरची एक फेज गेली तर ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर कण्हत चालत राहते आणि त्यांतून जवळपास पावणेदोनपट करंट ओढते. जोडणी स्टार असेल तर दोन गट जळतात, तिसरा कोरा राहतो. डेल्टा असेल तर एकाच गटाचा कोळसा होतो. तिन्ही गट सारखे काळे पडले असतील, तर फेज शाबूत होत्या. व्होल्टेज पडलं होतं किंवा पंप जाम झाला होता. एकाच जागी टिकलीएवढा वितळलेला डाग असेल, तर तिथलं इन्सुलेशन फुटलं. आमचे वाइंडरदादा मोटर उघडतात, आत टॉर्च मारतात आणि मालकाला न विचारता सांगतात, “डीपीवरचा एक फ्यूज उडाला होता ना?” मालक नुसती मान हलवतो.

हे यंत्र मुळात शेतासाठीच घडवल्यासारखं आहे. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना इटलीत फेरारीस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी १८८८ साली स्वतंत्रपणे जगापुढे मांडली. लगोलग जर्मनीत काम करणाऱ्या डोलिवो-डोब्रोवोल्स्कीनं थ्री फेजची, पिंजऱ्याच्या रोटरची मोटर केली. १८९१ साली लाउफेनपासून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर तारेवरून थ्री फेज वीज नेऊन दाखवली गेली. या मोटरीत ना कार्बन ब्रश, ना कम्युटेटर. बेअरिंग सोडलं तर झिजायला काहीच नाही. तिचं मागणं एकच: तिन्ही फेज सारख्या द्या. आपल्याकडे नेमकं तेच जमलं नाही.

मोटर येण्याआधी इथलं पाणी दोन रीतींनी चाले. विहिरीवर ज्याची त्याची मोट. आणि नदीकाठी, धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात, फड. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना गावानं द्यायचा. काही शतकं ही व्यवस्था नुसत्या उतारावर आणि पाळीवर चालली. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या असिस्टंट इंजिनिअर म्हणून नोकरीला लागले ते याच खानदेशात, धुळ्याला. पांझरेच्या पाण्यासाठी नाला ओलांडणारा पाइपचा सायफन हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. फडाचं तंत्र साधं होतं. अवघड होती ती पाळी, म्हणजे आपलं पाणी झालं की दार दुसऱ्यासाठी उघडायचं.

मोटरनं ती पाळी मोडली. १९६० साली राज्य झालं आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळही. १९६२पासून कोयनेची वीज सुरू झाली. १९६८ साली भुसावळजवळ दीपनगरला ६२.५ मेगावॅटचा पहिला संच आला, १९७९ आणि १९८२ साली २१० मेगावॅटचे दोन. तापीकाठची काळी जमीन, सातपुड्याच्या पायथ्याचा खोल गाळ आणि वर्षभर पाणी मागणारी केळी. मोटरीला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? आता पाणी ज्याचं त्याचं झालं. विहिरीवर पत्र्याची पेटी, पेटीत स्टार्टर, स्टार्टरवर दोन बटणं. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद.

त्या पेटीत काय आहे ते नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास तिथेच घडला. हिरवं बटण दाबलं की एका छोट्या कॉइलला वीज मिळते. ती लोखंड ओढून धरते, तिन्ही संपर्क मिटतात आणि मोटर फिरते. बोट काढलं तरी कॉइल स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवते. लाईट गेली की पकड सुटते, आणि लाईट परत आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही. कोणीतरी पुन्हा बटण दाबावं लागतं. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. कारखान्यात लाईट गेल्यावर कामगार यंत्रात हात घालून काही काढत असेल, तर वीज येताच यंत्र फिरू नये. पण ही सोय करणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरली होती: माणूस यंत्राजवळ उभा आहे.

शेतात माणूस यंत्राजवळ नव्हता. तो दोन-तीन किलोमीटरवर गावात होता. भारनियमनाच्या वर्षांत थ्री फेज आठ तासांवर आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. माझे काका रात्रपाळीच्या आठवड्यात विहिरीवरच्या खोपटात झोपत. झोपत म्हणजे बल्बकडे बघत पडत. लाईट येई, ते बटण दाबत, पाऊण तासानं ती जाई, पुन्हा येई. हिवाळ्यात केळीच्या बागेत रात्री फिरणं म्हणजे चिखल, साप, सातपुड्याच्या बाजूला बिबट्या, आणि ओल्या हातानं पत्र्याची पेटी उघडणं. त्या पेटीनं शॉक लागून माणसं गेली, हे गावोगाव ठाऊक आहे.

मग लोकांनी पेटीच बदलली. आधी हिरव्या बटणात काडी खुपसून ते दाबून ठेवलं. मग ‘ऑटो’ आला: लाईट आली की स्टार्टर स्वतःच उचलतो. रात्री एकाच फेजचा पुरवठा असे, तेव्हा कंडेन्सर लावून नकली फेज तयार करून मोटर चालवली गेली. ढिगात अर्धवट जळलेली, गटागटांत वेगळा रंग असलेली वाइंडिंग आली ती या काळातली.

ऑटोनं माणसाची झोप वाचवली, पण एक जुना प्रश्न परत आणला. हिशेब सोपा आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण साडेपाच केव्हीए घेते. ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटरी सुखानं चालतात. पण थेट चालू होणारी मोटर पहिले काही क्षण पाच ते सातपट करंट ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, मात्र सुरुवातीचा जोरही तेवढाच कमी होतो. लाईट आल्या क्षणी दहाही ऑटोंनी उचललं, तर ६३ केव्हीएच्या डीपीकडे तीनशेहून जास्त केव्हीए मागितले जातात. व्होल्टेज कोसळतं. एकही मोटर वेग घेत नाही, सगळ्या जागच्या जागी गुरगुरत तापतात. फ्यूज उडतो, तोही बहुधा एकाच फेजचा. दुसऱ्या दिवशी दादांच्या दुकानासमोर तीन ट्रॅक्टर उभे.

यावल तालुक्यात मी एक डीपी पाहिली आहे. तिच्यावरच्या शेतकऱ्यांनी बसून ऑटोचे टायमर वाटून घेतले होते. पहिल्याचा दहा सेकंदांनी, दुसऱ्याचा वीस, तिसऱ्याचा तीस. कोण आधी, यावर भांडण झालं म्हणून दर महिन्याला क्रम फिरवायचा ठरला. त्यांच्यातल्या कोणी फड पाहिला नव्हता. पण पाण्याची मोडलेली पाळी करंटच्या रूपानं परत आली होती, सेकंदांत मोजलेली.

पुढे मोबाइल आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’नं फोनवरून स्टार्टर चालू-बंद करायची सोय केली, आणि २००९ साली तिला नोकिया कंपनीच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. आज घरी बसून कळतं की लाईट आहे का, पाणी येतंय का. नंतर सौर पंप आले. त्यांचा कंट्रोलर पॅनेलच्या विजेतून स्वतःच तीन सारख्या फेज बनवतो आणि मोटरला हळूहळू वेग देतो. म्हणजे डोलिवो-डोब्रोवोल्स्कीच्या मोटरीचं एकुलतं एक मागणं खानदेशच्या शेतात अखेर पूर्ण झालं. दिवसा पाणी, निवांत रात्र. काकांच्या पिढीनं हे पाहायला हवं होतं.

पण दादांच्या दुकानामागचा ढीग बदलला आहे. काळी तार कमी येते. त्याऐवजी पाणबुडी मोटरींचे आणि पंपांचे घासलेले बुश आणि झिजलेली थ्रस्ट बेअरिंग येतात. पंप कोरडा चालला की हे होतं. पाणबुडीचे बुश पाण्यानंच वंगणतात, आणि बोअरमध्ये तेच संपलेलं असतं. रावेर-यावलच्या पट्ट्यात पाणीपातळी वर्षानुवर्षं खाली जाते आहे, पाइपाचे तुकडे वाढवत मोटर आणखी खाली सोडली जाते. तुटपुंजी, लहरी वीज हा शेतकऱ्याचा छळ होता, आणि नकळत तोच भूजलावरचा एकमेव लगाम होता. छळ संपला ते चांगलंच झालं. लगामही त्याच्याबरोबर गेला, आणि त्याच्या जागी अजून काही आलेलं नाही.

जळलेली वाइंडिंग सांगायची की वीज कुठे कमी पडली. घासलेला बुश सांगतो की पाणी कुठे संपलं. करंटसाठी सेकंद वाटून घेणारी ती दहा घरं पाण्याचे दिवस वाटून घेऊ शकतील का, ते कोणत्याच स्टार्टरमध्ये बसवून मिळणार नाही.